जपानी कार्टून आणि इंदूचा खांदा

"हात वर कर," मी म्हटलं.

इंदूनं उजवा हात उचलला. खांद्याच्या उंचीपर्यंत तो आला आणि अडला. पुढचं अंतर तिनं अंग डावीकडे वाकवून भरून काढलं. मी पी.टी.ची बाई आहे. ही लबाडी मला कळते.

"दुखते?"

"नाही बाई."

"वेणी कोणी घातली आज?"

तिनं डाव्या हातानं वेणी पाठीमागं टाकली. नववीतली मुलगी. स्वतःच्या दोन्ही वेण्या ती स्वतः घालायची, वर धाकट्या बहिणीच्याही. त्या दिवशी वेण्या ढिल्या होत्या आणि रिबिनी वेगळ्याच तऱ्हेनं बांधलेल्या होत्या.

"मायनं," ती शेवटी म्हणाली.

मी तिची बाही वर सारली. मनगटावर हिरवट वळ होता. पितळ घामात राहिलं की कातडीवर असा डाग पडतो. म्हणजे मी ट्रेनिंगसाठी भंडाऱ्याला होते तो सगळा आठवडा हिच्या हातात ते पितळेचं कडं घातलं गेलं होतं. घालायचं नाही असं मी बजावून गेले होते, तरी.

आणि नागपूरच्या विभागीय मॅचेस तोंडावर आल्या होत्या.

हे कडं कुठून आलं ते सांगते. ते एका जपानी कार्टूनमधून आलं.

पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट आहे. साकोलीहून आत एका खेड्यात, खाजगी संस्थेच्या हायस्कुलात मी नोकरीला होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. आधी बी.ए. केलं, मग अमरावतीला राहून बी.पी.एड. केलं. गावातले लोक बापाला म्हणायचे, "पोरीले उड्या मारायची डिग्री देऊन राहिला का गा?" बाप म्हणायचा, "हो. तुमच्या पोराले तेवढंही नाही जमलं." त्या उड्या मारायच्या डिग्रीत अ‍ॅनाटॉमीचा पेपर असतो. खांद्याचा सांधा कसा बसलेला असतो ते मी आजही खडूनं फळ्यावर काढून दाखवते. होय, मिरवते. ज्याला त्रास होत असेल त्याला होवो.

शाळेत मी सॉफ्टबॉल सुरू केला. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलचा धाकटा भाऊ. मैदान लहान, चेंडू मोठा. नावात सॉफ्ट आहे, पण एकदा नडगीवर बसला की नावावरचा विश्वास उडतो. चेंडू टाकणारी ती पिचर. बॅटवालीच्या मागं उकिडवी बसून तो झेलणारी ती कॅचर. दोन्ही खेळांतला मोठा फरक पिचरच्या हातात आहे. बेसबॉलमध्ये चेंडू खांद्यावरून फेकतात, चिंचा पाडायला दगड मारावा तसा. सॉफ्टबॉलमध्ये हात खालून येतो आणि चेंडू मांडीजवळून सुटतो. वरून फेकला तर अंपायर तो चेंडू बाद धरतो आणि समोरच्या टीमला फायदा देतो. एवढं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

इंदूला मी ग्राउंडवर हेरलं नव्हतं. बांधीत हेरलं होतं. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बांध, घातलेला धानाचा तुकडा. रोवणीचे दिवस होते. बाया चिखलात वाकून रोवत होत्या आणि ही पोरगी धुऱ्यावर उभी राहून पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंड्या त्यांना पुरवत होती. हात खालून झुलवायची आणि सोडायची. पेंडी हवेतून जाऊन ज्या बाईची त्याच बाईपुढं मुळांवर पडायची. कोणाला पाऊल हलवावं लागत नव्हतं. मी सायकल टेकवून किती वेळ बघत उभी होते कोण जाणे. तिची माय म्हणाली, "बाई, काही हरवलं का?" मी म्हटलं, "नाही, सापडलं."

ती महिन्याभरात पिचर झाली. आमची कॅचर सुनंदा म्हणायची, "इंदूचा चेंडू पाहावं लागत नाही बाई. मी ग्लोव्ह ठेवतो अन् डोळे मिटतो." तालुक्याला जिंकलो. जिल्ह्याला जिंकलो. विभागातून पुढं गेलो तर राज्य पातळीचं सर्टिफिकेट मिळणार होतं. इंदूला पोलिसात जायचं होतं. तिनं एकदा भंडाऱ्याच्या बसस्टँडवर खाकी कपड्यातली बाई पाहिली होती. ती बाई एका दांडग्या माणसाला नुसत्या बोटानं रांगेत उभी करत होती. ते इंदूच्या डोक्यात बसलं होतं. खेळाचं सर्टिफिकेट असलं की भरतीत उपयोग होतो, हे मीच तिला सांगितलं होतं.

जिल्ह्याची ट्रॉफी आली आणि संस्थेच्या अध्यक्षांना सॉफ्टबॉल आवडायला लागला. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. भाऊसाहेबांची राईस मिल होती, जमीन होती आणि शंकरपटाची जोडी होती. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. आमच्याकडे हिवाळ्यात गावोगाव पट भरतात आणि पट जिंकणाऱ्या जोडीचा मालक वर्षभर मान ताठ करून फिरतो. आमची ट्रॉफी शाळेत फक्त एक दिवस राहिली. मग ती भाऊसाहेबांच्या बैठकीत, पटाच्या ढालींशेजारी गेली.

त्यांचा भाचा जहाजावर होता. तो जपानहून कॅसेट आणि ती लावायची मशीन, दोन्ही घेऊन आला. कॅसेटवर बेसबॉलचं कार्टून होतं. भाऊसाहेबांनी ते टीव्हीसकट शाळेच्या हॉलमध्ये आणलं आणि टीमला पुढं बसवलं. अर्धं गाव मागं उभं. भाषा जपानी. कोणाला एक शब्द कळत नव्हता. म्हणून भाऊसाहेब स्वतः समजावून सांगायला उभे राहिले. त्यांनाही कळत नव्हता, पण ते अध्यक्ष होते.

कार्टूनची गोष्ट अशी. समुद्रकाठचा एक गरीब पोरगा. डोळे बशीएवढे. बाप रागीट. पोरगा ओल्या दोरानं होडी ओढतो, मनगटात लोखंडी कडी घालून चेंडू फेकतो, देवळाच्या घंटेवर नेम धरतो. मग मोठी मॅच. चेंडू त्याच्या हातून सुटतो आणि हवेत थांबतो. पोराला आई आठवते, शाळा आठवते, बापाचा मार आठवतो. समोरच्या बॅटवाल्यालाही त्याचं बालपण आठवतं. मागून सुनंदा कुजबुजली, "बाई, चेंडू पोचेपर्यंत मी भात टाकून येऊ का?" पोरी तोंडात ओढणी कोंबून हसल्या. खऱ्या मॅचमध्ये पिचरच्या हातून चेंडू सुटला की बॅटवालीला पापणी लवायची सवड नसते.

मी सगळंच खोटं म्हणत नाही. ते काढणारा माणूस ग्राउंडच्या कडेला बसलेला होता, हे नक्की. पोराचा पुढचा पाय बरोबर पडत होता. फेकल्यावर हात अंगाला वळसा घालून जात होता, आम्ही त्याला फॉलो थ्रू म्हणतो, तोही बरोबर. भिंतीवर एकच खूण करून तिच्यावरच फेकत राहणं, हे तर मीही पोरींकडून करून घ्यायचे.

घोळ झाला तो गाण्यात. कार्टूनमध्ये एक लांब गाणं होतं आणि पोराची सगळी मेहनत त्या गाण्यात दाखवली होती. धावतो, ओढतो, फेकतो, पडतो, परत फेकतो. पोराच्या मागं एक झाड होतं. गाण्याच्या सुरुवातीला त्याच्यावर पांढरं काही पडत होतं. मग त्याला गुलाबी फुलं आली. मग ते हिरवंगार झालं.

"हे पांढरं काय उडून राहिलं?" कोणीतरी मागून विचारलं.

"सावरी," भाऊसाहेब म्हणाले. "सावरीचा कापूस. आपल्याकडे नाही का उडत उन्हायात?"

सगळ्यांना पटलं. आमच्या जंगलात सावरीची झाडं खूप. बोंडं फुटली की कापूस आठ-दहा दिवस हवेत तरंगतो, मग संपतो.

मी उठून म्हटलं, "भाऊसाहेब, ते बर्फ आहे. हिवाळा दाखवला आहे. मग फुलं आली, मग पानं आली. एका गाण्यात चार-सहा महिने गेले."

"बर्फात कोणी चेंडू खेळते का बाई?" ते म्हणाले. हॉल हसला. विषय संपला. सावरीचा कापूस म्हणजे आठ-दहा दिवस. त्या पोरानं ते सगळं आठ-दहा दिवसांत केलं, असं गावानं ठरवून टाकलं.

इंदू माझ्या कानाशी आली. "बाई, हा तं वरून फेकते."

"हो. तो बेसबॉल आहे. आपला वेगळा."

तिला एका वाक्यात कळलं. भाऊसाहेबांना मी तेच तीनदा सांगितलं. ते म्हणाले, "चेंडू चेंडूच असते बाई."

पुढच्या आठवड्यात ट्रॅक्टरचा टायर आला. तो दोरानं कमरेला बांधून पोरींनी तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, धावायचं. मी म्हटलं, धावू द्या, पारीवर मऊ माती आहे, पण एक दिवस आड. मग दोन कडी आली. भाऊसाहेबांनी ती भंडाऱ्याला पितळेची ओतून घेतली होती. कार्टूनमध्ये लोखंडाची होती, पण आपल्या जिल्ह्यात पितळ चांगलं मिळतं. जाड, जड, वर पॉलिश. एक कडं उचलून मी हातात तोललं आणि माझं डोकं फिरलं.

"हे पिचरनं घालायचं नाही," मी म्हटलं.

"काहून?"

मी साधं करून सांगितलं. सॉफ्टबॉलच्या पिचरचा हात खांद्याभोवती पूर्ण गोल फिरतो, गोफण फिरते तसा. गोफणीच्या टोकाला दगड जितका मोठा, तितका दोराला झटका जास्त. गोफण तुटली तर नवी वळता येते. खांदा वळता येत नाही. ताकद वाढवायची असेल तर वजन थोडं थोडं वाढवायचं, आणि ते हात संथ हलवून. मधे आराम द्यायचा. ताकद मेहनत करताना येत नाही, मेहनतीनंतरच्या आरामात येते. हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात.

"त्या पोराले कुठं आराम दाखवला?" भाऊसाहेब म्हणाले.

"झोपलेला पोरगा दाखवला तर कॅसेट कोण पाहील?"

हेडसर मला बाजूला घेऊन गेले. आमचे हेडसर वाईट माणूस नव्हते. घाबरट होते. घाबरट माणूस वाईटापेक्षा जास्त नुकसान करतो. "बाई, तुमचं अप्रूव्हल बाकी आहे," ते म्हणाले. अप्रूव्हल म्हणजे नोकरीला मिळणारी मान्यता. त्याचा प्रस्ताव अध्यक्षांच्या सहीनं जायचा. "दोन महिने तोंड बंद ठेवा ना."

मी कडी पी.टी.च्या खोलीत पेटीत टाकली आणि कुलूप लावलं. आठवड्याच्या ट्रेनिंगसाठी भंडाऱ्याला जायची ऑर्डर आली. जाताना पोरींना सांगितलं आणि हेडसरांना दोनदा सांगितलं. किल्ली ऑफिसात ठेवावी लागते, म्हणून ठेवली. मी बसमध्ये बसले त्याच दिवशी पेटी उघडली.

आल्यावर सुनंदानं सगळं सांगितलं. भाऊसाहेब रोज खुर्ची टाकून ग्राउंडवर बसले. इंदूच्या हातात कडं, अंधार पडेस्तोवर चेंडू. बाकीच्या पोरींना त्यांनी वरून फेकायला लावलं. "त्यात जोर असते" म्हणे. इंदूला तिसऱ्या दिवशी दुखायला लागलं. तिनं सांगितलं, तर ते म्हणाले, त्या जपानच्या पोराच्या तर हातातून रक्त निघत होतं. हेडसर शेजारी उभे होते आणि चेंडू गोळा करून देत होते.

मी इंदूला साकोलीच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी हात दाबून, फिरवून पाहिला. सूज होती. काही फाटलं नव्हतं, पण फाटायला फार बाकीही नव्हतं. हात झोळीत, फेकणं बंद, निदान तीन आठवडे. नागपूर त्याच्या आत होतं.

"आणि टाकला तर?" मी विचारलं.

"तर पुढं रोवणीलाही हात येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

इंदूला शाळेत सोडून मी कडी घेतली आणि सरळ भाऊसाहेबांच्या गोठ्यावर गेले. एका गावचा पट दोन दिवसांवर होता. बादल आणि तुफान, त्यांची पांढरी जोडी, उन्हात उभी होती. गडी गरम पाण्यात फडकं बुडवून बादलचा मागचा पाय शेकत होता. भाऊसाहेब स्वतः तेलाची वाटी घेऊन उभे होते.

"या बाई. केव्हा आल्या?"

"आजच. जोडीची तयारी जोरात दिसते. आज पळवून पाहिली नाही?"

ते हसले. गड्याला म्हणाले, "पाह्य रे, बाई काय म्हणून राहिल्या." मग मला समजावायला लागले. बैलाविषयी बोलताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा. "पटाच्या बैलाले आधीचे आठ दिवस पळवत नाही. गाडीले नाही, नांगराले नाही. सकाळी थोडा फिरवाचा, शेकाचा, तेल चोळाचं. पळाची ताकद आंगात जमा होऊ द्या लागते. आज पळवला तं परवा रिकामा."

"आणि पायात वजन बांधून पळवला तर? वजन काढल्यावर हलका पळेल ना."

"बाई, तुमी शिकल्या-सवरल्या. खुब्यातून जाईन ना बैल."

मी दोन्ही कडी त्यांच्या पायापाशी टाकली. बादलनं आवाजानं मान वळवली.

"मग इंदूचा खांदा काय लाकडाचा आहे?"

भाऊसाहेबांनी वाटी गड्याच्या हातात दिली. त्यांना कळलं होतं. त्यांना सगळं आधीपासून कळत होतं, हे मला त्या क्षणी दिसलं. मला वाटत होतं, माणसाला माहीत नाही म्हणून तो चुकतो. म्हणून मी गोफणीची उदाहरणं देत बसले होते. या माणसाला आराम, शेक, जमा होणारी ताकद, सगळं माझ्या प्रोफेसरांइतकं माहीत होतं.

"बैलाची गोष्ट वेगळी हाय," ते म्हणाले.

"कायची वेगळी?"

"जोडी तयार कराले चार वर्षं लागते. पोरी काय, नववीत दरसाल नव्या येते."

राग आला की माझी पुस्तकी भाषा गळून पडते. मी म्हटलं, "भाऊसाहेब, परवा हे कडं बादलच्या पायात घाला अन् मंग पळवा. जिंकला तं मी सोता इंदूच्या हातात घालून देतो."

गड्यानं मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. भाऊसाहेबांनी ते पाहिलं आणि तिथं माझी नोकरी गेली. कागदावर ती नंतर गेली.

"बाई, तुमची सही माझ्याकडे बाकी हाय, ध्यानात हाय ना?"

"आहे."

"तं नागपूरले इंदूच चेंडू टाकन. मी पाव्हणे घेऊन येऊन राहिलो."

नागपूरच्या आदल्या दिवशी इंदू माझ्याकडे आली. झोळी काढून आली होती. "बाई, मी टाकतो. आता नाही दुखत."

"हात वर कर."

तिनं केला नाही. "माहा हात हाय बाई. माह्या हाताचं मी पाहीन. सर्टिफिकेट तुमाले लागत नाही, मले लागते. तुमची डिग्री झाली."

मी फक्त नाही म्हटलं. ती चौकटीला पाय आपटून गेली.

नागपूरला मी लताला पिचर केलं. लता दुसरी पिचर, साधी, सरळ टाकणारी. इंदू झोळीत हात घालून बाकावर. हेडसर धावत आले. "बाई, इंदूला निदान दोन-चार ओव्हर तरी टाकू द्या."

"सर, सॉफ्टबॉलमध्ये ओव्हर नसते."

पोरी चांगल्या खेळल्या. शेवटची इनिंग आली तेव्हा दोन्ही टीम बरोबरीवर होत्या. समोरच्यांची एक पोरगी तिसऱ्या बेसवर उभी. बेस म्हणजे थांबा. तिसऱ्यानंतर घर, आणि घरी पोचली की एक रन. म्हणजे मॅच त्यांची. लता घाबरली होती, पण तिचे चेंडू बरोबर पडत होते. अजून एक पोरगी बाद करायची होती.

तेवढ्यात भाऊसाहेब पाहुण्यांतून उठून दोरीपाशी आले. "लता, वरून," ते ओरडले. "वरून फेक, जोरानं. शिकवलं ना तुले."

मी ओरडले, "लता, माझ्याकडे पाहा." पण अध्यक्षांचा आवाज मोठा होता, आणि एक आठवडा तिनं तेच ऐकलं होतं. लतानं हात वर नेला आणि कार्टूनमधल्या पोरासारखा चेंडू फेकला. पुढचा पायसुद्धा तसाच टाकला. सुनंदा ग्लोव्ह तसाच धरून अंपायरकडे पाहत राहिली.

अंपायरनं हात वर केला. बाद चेंडू. अशा वेळी बेसवरची प्रत्येक पोरगी एक बेस पुढं जाते. तिसऱ्यावरची पोरगी चालत घरी आली. तिला धावावंही लागलं नाही.

भाऊसाहेबांनी पाहुण्यांना विचारलं, "काय झालं?" पाहुण्यांना माहीत नव्हतं. मी सांगायला गेले नाही.

गावात असं ठरलं की बाईनं इंदूला बसवलं म्हणून हरलो. हेडसरांना खरं माहीत होतं. ते मीटिंगमध्ये खिडकीबाहेर पाहत बसले. माझा प्रस्ताव गेलाच नाही. एप्रिलमध्ये मला उद्यापासून येऊ नका, असं सांगितलं. सॉफ्टबॉल बंद झाला, ग्लोव्हज उंदरांनी खाल्ले. निघताना मी गोठ्यावरून गेले. बादल-तुफानच्या शिंगांच्या टोकांवर नव्या कोऱ्या पितळी शेंब्या चमकत होत्या. गडी म्हणाला, "कडे वितळवून बनवल्या बाई. फुकट नाही गेले." म्हणजे बैलांना ते पितळ शेवटी घातलंच. पायात घातलं नाही एवढंच. शिंगाला दुखत नाही.

मला दुसऱ्या तालुक्यात नोकरी मिळाली. तिथं सही एका महिन्यात झाली.

इंदूला सर्टिफिकेट मिळालं नाही. पुढं ती भरतीला उभी राहिली की नाही, मला माहीत नाही. पण त्या पावसाळ्यात मी एकदा तिच्या गावाकडून जात होते. रोवणी चालू होती. ती धुऱ्यावर उभी होती, पदर खोचून नव्हे, भावाचा जुना शर्ट घालून. मी सायकल थांबवली. तिनं मला पाहिलं. नमस्कार केला नाही. पेंडी उचलली, हात खालून झुलवला आणि सोडली. ती कोणत्याच बाईपुढं पडली नाही. माझ्या पुढ्यात, धुऱ्याकडेच्या चिखलात पडली आणि माझी साडी गुडघ्यापर्यंत भरली.

माय ओरडली, "अवो, बाई हाय ना थे."

"लागलं का बाई?" इंदूनं विचारलं.

"नाही. नेम बरोबर आहे."

"माहीत हाय," ती म्हणाली आणि पुढची पेंडी उचलली. उजव्या हातानं. हात पूर्ण फिरला, कुठं अडला नाही.

रिटायर होईपर्यंत मी पोरींना खेळ शिकवला. आता नातवंडं टीव्हीवर खेळाची कार्टूनं बघतात आणि विचारतात, आजी, असं खरंच असतं का? मी सांगते, मेहनत खरी असते. चेंडू हवेत असताना आई आठवते, ते खोटं. आणि गाणं लागलं की पोराकडे पाहू नका, मागच्या झाडाकडे पाहा. त्याच्यावर बर्फ पडून किती दिवस झाले, ते आधी मोजा.